इस्त्रीखालून गेलेला डिप्लोमा

डिप्लोमा हातात पडल्यापासून लाँड्रीवाल्या बाईंच्या धाकट्या मुलानं स्वतःचं ताट उचलणं सोडलं होतं. हॉटेलातल्या चादरी-टॉवेलांची व्यवस्था कशी ठेवावी, याचा दोन वर्षं अभ्यास केला म्हणून आई काय याची वेटर झाली, असं बाई येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत. स्वतः दुसरीपुढे गेल्या नव्हत्या; पण तीस वर्षं लाँड्री चालवून दोन्ही पोरं त्यांनीच उभी केली होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं तो कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि फोनवर बोलत बाहेर गेला. टेबलावर असेल त्याची घडी घालायची, ही बाईंच्या हातांची सवय. डोळे आणि तोंड गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात गुंतलेले. कागद मधोमध दुमडला गेला, वरून इस्त्री फिरली. घडी अशी पडली की बोट कापावं.

धाकट्यानं परत येऊन ती घडी पाहिली. उद्या हाच कागद दाखवायचा होता. बाईंनी तो उलगडून एका पांढऱ्या शर्टावर पालथा घातला, पाणी शिंपडलं आणि तापलेली इस्त्री दाबली. घडी हलली नाही. संस्थेचा जांभळा शिक्का मात्र शर्टाच्या खिशावर उतरला. कागद वाळवायला दोघं मागे गेली, तेवढ्यात थोरल्यानं न बघता शर्ट गुंडाळून ज्याचा होता त्या गिऱ्हाइकाकडे पोचवलाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत हॉटेलच्या मॅनेजरांनी उकडतंय म्हणून कोट काढला. आत तोच शर्ट. त्यांनी कागदावरचा फिका शिक्का पाहिला, मग स्वतःचा खिसा. धाकट्यानं सगळं कबूल केलं.

मॅनेजर घडीवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, डिप्लोमा हा शब्द मूळचा ग्रीकांचा. दुहेरी घडी घातलेला कागद, एवढाच त्याचा अर्थ. मग त्यांनी एक चादर पुढे टाकली. धाकट्यानं घातलेली घडी गाठोड्यासारखी दिसत होती.

घरी येऊन त्यानं निकाल सांगितला. नोकरी मिळाली होती, पण रुजू व्हायचं ते महिनाभर आईच्या हाताखाली घड्या शिकून झाल्यावर.

बाईंनी इस्त्री उभी केली.

"शिकवीन. ग्रीकांना कळलं ते तुला दोन वर्षांत कळलं नाही. आधी सकाळचं ताट उचल."