भोंग्याची गाडी आणि ओस्मिनचे नकातामाल

जाहिरात करायची असं यादेरने ठरवलं, तेव्हा तो दात घासत होता. तोंडातला फेस थुंकायच्या आत निर्णय पक्का झाला होता. (यादेर कुठल्याच गोष्टीला याहून जास्त वेळ देत नसे. तिसरीत शाळा सोडायचं त्याने बाकापासून फळ्यापर्यंत जाता जाता ठरवलं होतं.)

"वहिनी, आपण भोंग्याची गाडी लावायची."

मिगदालिया केळीची पानं विस्तवावर शेकत होती. मान वर न करता म्हणाली, "का? कोण मेलं?"

हा प्रश्न त्याने नीट ऐकला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. नांदाइमे गावात भोंग्याची गाडी गल्लोगल्ली फिरते ती कोण गेलं, कुठे ठेवलंय आणि माती कधी, हे सांगायला. पण ऐकणं हा यादेरचा प्रांत नव्हता.

त्याचा थोरला भाऊ, मिगदालियाचा नवरा ओस्मिन, जाऊन पाच महिने झाले होते. छत्तिसाव्या वर्षी बेसबॉलचा सामना बघता बघता त्याचं हृदय थांबलं. त्याच्या हयातीत दर शनिवारी या घरातून सव्वाशे नकातामाल जायचे. मक्याचं पीठ, डुकराचं मांस, तांदूळ, बटाटा, पुदिना, सगळं केळीच्या पानात बांधून पाच तास उकडलेलं. ओस्मिन टोपली डोक्यावर घेऊन हाळी देत निघायचा आणि हलक्या डोक्याने परत यायचा. तो गेला आणि गावाने धंदाही त्याच्यासोबत पुरला. लोक दारावरून जाताना टोपी काढत, चेहरा पाडत, आणि कोपऱ्यावरच्या एस्मेराल्दाकडून नकातामाल घेत. दुःखाचा मान राखायचा आणि पोटाचाही, अशी मोठी सुसंस्कृत जनता!

यादेरने एकदा टोपली उचलून पाहिली होती. दुसऱ्याच गल्लीत त्याच्या गळ्यातून हुबेहूब ओस्मिनचा आवाज निघाला. टोपली तिथेच रस्त्यात ठेवून तो घरी आला आणि पुन्हा टोपलीला हात लावला नाही. (टोपलीतले चाळीस नकातामाल कुणी खाल्ले, ते गाव आजतागायत सांगत नाही.)

"हे बघ," मिगदालिया म्हणाली, "माझी चूल एक, पातेलं एक. अख्खं गाव बोलावून मी काय करू? आपल्याला पन्नास घरं पुरतात. त्या पन्नास दारांवर जा आणि सांग, आम्ही अजून करतो म्हणून. फुकटात होईल."

"पन्नास दारं फिरायला मी काय पोस्टमन आहे?"

खरं कारण वेगळं होतं. पन्नास दारांवर पन्नास वेळा 'बिचारा ओस्मिन' ऐकावं लागलं असतं, आणि एकावन्नाव्याला त्याने कुणाचं तरी दार मोडलं असतं.

"तुझी मर्जी. पण या शनिवारी पातेलं रिकामं झालं नाही, तर मी ते विकणार आणि बहिणीकडे कोस्टा रिकाला जाणार. तिथे घरकाम मिळतं. तू तुझं बघ."

हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती, पण या वेळी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ते पातेलं विकलं की घरात ओस्मिनचं काय उरणार? भिंतीवरचा फोटो. त्यातही त्याचे डोळे मिटलेले.

यादेरने बेसबॉलचा हातमोजा विकला आणि तडक फिलादेल्फोकडे गेला.

फिलादेल्फोकडे एक खिळखिळी पिकअप, टपावर दोन भोंगे आणि कबरीतून आल्यासारखा आवाज होता. या भांडवलावर तो स्वतःला प्रसिद्धीतज्ज्ञ म्हणवून घेई.

"जाहिरात म्हणजे गुंतवणूक, पोरा," तो म्हणाला. "माझी गाडी फिरली आणि लोक आले नाहीत, असं तीस वर्षांत झालेलं नाही."

"काका, ते मयताला आले."

"आले ना? मग! आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

"मला आनंदी गाणं पाहिजे मागे."

"आनंदी गाण्याची वेगळी आकारणी. त्यात ते मध्येच अडकतं. आपलं नेहमीचं लावू, लोकांच्या ओळखीचं आहे. मजकूर सांग."

यादेरला लिहिता जेमतेम येत होतं, पण मजकुरात आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं मत होतं. भावाचं नाव आधी आलंच पाहिजे, तेही पूर्ण. त्याने छाती काढून सांगितलं, "ओस्मिन सेलेदोन पिकादो. त्यांच्या राहत्या घरी. शनिवारी दुपारी चार वाजता. नकातामाल. सर्वांनी अवश्य यावे."

"किंमत सांगायची?"

"किंमत कशाला? ओस्मिनची किंमत गावाला ठाऊक आहे."

फिलादेल्फोने मान डोलावली. धंद्यात त्याने याहून नेटका मजकूर पाहिला नव्हता.

शुक्रवारी दिवसभर गाडी फिरली. भोंग्यातून आधी रडकी सनई, मग तो आवाज, मग पुन्हा सनई. यादेर दारात उभा राहून ऐकत होता आणि खूश होता. शेजारचा म्हातारा रस्त्यातच छातीवर क्रुसाची खूण करून उभा राहिला. यादेरला वाटलं, जाहिरात भिडली!

शनिवारी साडेतीनलाच गर्दी सुरू झाली. "बघितलंस वहिनी?" यादेर नाचायचाच बाकी होता. "म्हणे पन्नास घरं पुरे!"

मिगदालियाने खिडकीतून पाहिलं. "यादेर, हे सगळे काळे कपडे घालून का आलेत? आणि खुर्च्या कशाला आणल्यात?"

तोवर तेंचा मावशी आत शिरली होती. गावात कुणीही मेलं की जपमाळ घेऊन प्रार्थना सांगणारी ती. तिने ओस्मिनचा फोटो उतरवून टेबलावर ठेवला, मेणबत्ती लावली आणि मिगदालियाला छातीशी धरलं. "शाब्बास गं पोरी! सहा महिन्यांची प्रार्थना आजकाल कोण करतं? आणि वर गावजेवण!"

"मावशी, पाचच महिने झालेत."

"मग महिनाभर आधी. पोराला घाई, दुसरं काय!"

मयताच्या नऊ दिवसांना, सहा महिन्यांना, वर्षाला घरच्यांनी प्रार्थना करायची आणि आलेल्यांना जेवू घालायचं, ही गावाची रीत. घरच्यांनी बोलावलं, मयताचं नाव सांगितलं, वेळ सांगितली, जेवणात काय तेही सांगितलं. आणखी काय हवं? मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं ज्यांच्या पंथाला मंजूर नाही, तेही आले होते. नकातामालबद्दल त्यांच्या पंथात काही लिहिलेलं नव्हतं.

"मी यांना हाकलतो," यादेर म्हणाला.

"गुडघ्यावर बसलेत ते. माझ्या नवऱ्यासाठी. गप उभा राहा."

यादेर उभा राहिला. शंभर तोंडांतून ओस्मिनचं नाव निघत होतं. एकेकाची मान धरून बाहेर काढावं असं त्याला वाटत होतं. दहाव्यांदा नाव आलं आणि यादेरचा गळा फुटला. पाच महिन्यांत तो पहिल्यांदा रडला, तोही बैल हंबरावा तसा.

"रडू दे, रडू दे," तेंचा मावशी म्हणाली, आणि काहींनी त्या हंबरड्यात दुसरा नकातामाल वाढून घेतला. कुणीतरी दयेने एक यादेरच्याही हातात कोंबला. (त्याचं पीठ त्यानेच पहाटे मळलं होतं.)

"मांस जरा कमी आहे," एस्मेराल्दा पान चाटत म्हणाली. हो, तीही आली होती. "पण दुःखाच्या घरी बोलू नये."

सहा वाजता पातेलं रिकामं झालं. मिगदालियाने म्हटलं होतं तसंच. फक्त पैशाचा डबाही तितकाच रिकामा होता. ती पातेलं घासायला बसली. आता ते विकायलाच घासतेय, हे यादेरला कळत होतं. तो दाराशी पिशवीवर बसून राहिला, म्हणजे निदान ती उचलता तरी येऊ नये.

तेवढ्यात काठी टेकत एवारिस्तो आला. ऐंशीचा म्हातारा, तीन बायका आणि शहाण्णव पिल्लं दिलेली एक डुकरीण पुरून उरलेला.

"पोरी, असा नकातामाल मी चाळीस वर्षांत खाल्ला नाही. माझ्या नऊ दिवसांना दोनशे पाहिजेत. निम्मे पैसे आत्ता घे. पोरांवर माझा भरवसा नाही."

"अहो, तुम्ही चांगले ठणठणीत आहात!"

"म्हणून तर आलो. त्या दिवशी मला चव कशी कळणार? तोवर दर शनिवारी सहा नकातामाल माझ्या घरी पाठव, म्हणजे हात बसलाय का ते बघत राहीन. आणि तेंचाही मागणी द्यायला येणार आहे, तिच्या दिराचं काही खरं नाही म्हणाली."

मिगदालियाने नोटा घेतल्या. पातेलं उपडं केलं, चुलीवरच्या आपल्या जागी ठेवलं आणि मका भिजवायला काढला. यादेर पिशवीवरून उठला, डोळे पुसले, छाती काढली. "बघितलंस वहिनी? याला म्हणतात जाहिरात!"

एवारिस्तोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मिगदालियाकडे वळला.

"फक्त एक अट. मी गेलो की या पोराला कळवायचं नाही. हा गावाला बोलावील, आणि मी निवायच्या आत लोक सगळे दोनशे खाऊन जातील."