मी सांगितलं नाही, नुसतं बोललो

शुक्रवारी दिवस मावळला की आमच्या वृद्धनिवासातल्या सात नंबरच्या खोलीच्या दारात एक उंच, वाळके गृहस्थ येऊन उभे राहतात आणि व्हरांड्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणतात, "काय अंधार आहे बुवा माझ्या खोलीत!"

विजेचं बटण त्यांच्या हातापासून वीतभर लांब असतं.

मी इथं नवीन राहायला आले तेव्हा पहिल्याच शुक्रवारी हे ऐकलं आणि म्हटलं, "मग लावा की दिवा."

"हो ना," ते म्हणाले. "अंधार तर आहेच."

"बटण तिथंच आहे, काका."

"आहे खरं. बटण चांगलं आहे. पण अंधार फार आहे."

मी उभी हयात नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. माणूस असं गोल गोल बोलायला लागला की आधी त्याची नाडी बघायची, ही माझी सवय. यांची नाडी ठणठणीत. शेवटी वैतागून मीच आत गेले आणि खटकन बटण दाबलं. तसा म्हातारा खुशीत हसला. म्हणाला, "मी सांगितलं नाही हं, सिस्टर. नुसतं बोललो."

हे रूबेनकाका झिराडकर. अख्ख्या लातुरात एकटेच यहुदी असावेत. निदान त्यांना तरी दुसरा सापडलेला नाही. मूळचे कोकणातले. वाडवडिलांचे तेलाचे घाणे. घाणा शनिवारी बंद, म्हणून गावानं नाव पाडलं शनिवार तेली. ते नाव काका पदवी असल्यासारखं सांगतात. तरुणपणी लातूरला तेलाच्या मिलमध्ये फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. मालकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "शनिवारी मशीन बंद पडली तर?" काका म्हणाले, "शुक्रवारीच तिला समज देऊन ठेवतो."

तर हा शनिवार, म्हणजे त्यांचा शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो आणि दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. तेवढ्या वेळात काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, बटण दाबायचं नाही. आणि दुसऱ्याला कामाला लावायचं, तेही बरोबर नाही. मग राहिलं काय? बोलणं राहिलं. आपण आपलं हवेत बोलायचं. कुणाला कळलं तर कळलं.

सगळ्यांना कळायला लागलं, ही गंमत. शनिवारी काका म्हणाले, "आज वारा म्हणून नाही," की कुणीतरी उठून पंखा लावतं. शेजारच्या खोलीतले रावसाहेब पाटील, रेणापूरचे बागाईतदार, ते तर तयारच झालेत. जेवणाच्या टेबलावर काका पुटपुटले, "चहा म्हणजे गरम असला तर चहा," की पाटील थेट स्वयंपाकघरात. "मला सांगितलं न्हाई बरं का त्यांनी," जाता जाता आम्हाला बजावतात. "नुस्तं बोलले. मी आपला हिंडून राहिलोय." एरवी आपल्या घरी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस!

पण मला मात्र याचा राग यायचा. सरळ सांगावं ना माणसानं! मी एकदा भांडलेही. "काका, इतर दिवशी तरी तोंड उघडून मागत जा. परवा मंगळवारी तुम्हाला ताप होता, तरी 'अंगात जरा ऊब आहे' म्हणत बसलात. मंगळवारी कसला आलाय शब्बाथ?"

"सवय, सिस्टर," म्हणाले. "एस्तर होती ना. तिला पुढचं सांगावं लागायचं नाही."

एस्तर म्हणजे त्यांची बायको. ती गेल्यावर काका इथं आले. तिचा फोटो भिंतीवर आहे, नऊवारीतला, कपाळाला कुंकू नाही पण हातभर हिरव्या बांगड्या.

या एका माणसानं आमच्या निवासाला काय काय शिकवलं म्हणता! शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये जमतो. काकांनी काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलेलं असतं. ते पेला हातात धरून त्यांच्या भाषेतली प्रार्थना म्हणतात, मग एकेक घोट सगळ्यांना. आमचे पाटील अजून दर वेळी वास घेऊन बघतात आणि दर वेळी निराश होतात. मी पौर्णिमेला वंदना घेते, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावते, तेव्हा काका टोपी घालून मागच्या खुर्चीवर बसलेले असतात. शेवटी सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हणायचं असतं, ते तेवढं खणखणीत म्हणतात.

स्वयंपाकीण कमळाबाईंना तर त्यांनी जेरीला आणलं. मटणाच्या दिवशी दही-ताक-तूप त्यांच्या ताटाजवळ येता कामा नये. मासा असला तर आधी खवले दाखवायचे. एकदा गोदावरीतली वाम आली. काकांनी चष्मा लावून तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "हिला कपडेच नाहीत. मी नाही खात." कमळाबाईंनी त्या दिवशी त्यांना पिठलं वाढलं आणि वर चार शब्द ऐकवले. पण मटण नारळाच्या दुधात करायला त्या त्यांच्याकडूनच शिकल्या, आणि आता पाहुण्यांना सांगताना ती पद्धत स्वतःच्या माहेरची म्हणून सांगतात.

शनिवारी भांडायचं नाही, हा नियमही काकांचाच. आमच्याकडं पेपर आधी कोण वाचणार यावरून रोज महाभारत. काका म्हणाले, रविवारी भांडा, शनिवारी भांडणाला सुटी द्या. आता शुक्रवारी दुपारीच सगळे हिशेब चुकते करायला बसतात. त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेववत नाही. पण शनिवार खरोखर शांत जातो.

काकांचा मुलगा इस्रायलात असतो. व्हिडिओ कॉलवर दर आठवड्याला म्हणतो, "पप्पा, इकडं या. इथं सगळे आपलेच लोक आहेत." काका त्याला म्हणाले, "तीच तर अडचण. शनिवारी सगळ्यांच्याच खोलीत अंधार. दिवा कोण लावणार?" आम्ही पोट धरून हसलो. मुलगाही हसला. काका मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ तो रिकामा पडदा पुसत बसले होते.

आता यंदाची गोष्ट सांगते. माझी फजिती आहे, पण सांगते.

दरवर्षी एस्तरकाकूंच्या पुण्यतिथीला काका ठाण्याला जातात. तिथं त्यांचं यहुदी प्रार्थनामंदिर आहे. गेलेल्या माणसासाठी कद्दीश नावाची एक प्रार्थना असते, ती एकट्यानं म्हणायची नसते. दहा यहुदी पुरुष हजर लागतात. लातुरात दहा कुठले आणायचे? म्हणून हा म्हातारा रात्रभर गाडीत बसून जायचा, दहा माणसांत उभा राहून प्रार्थना म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली.

काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. जेवताना नुसतं बोलले, "यंदा ठाणं लांब पडलं."

पाटील ताडकन म्हणाले, "किती मान्सं लागत्यात? धा? हे काय, हितंच हाईत की. टोप्या घालतो सगळे. काय म्हनायचं ते शिकवा."

"तसं चालत नाही हो, रावसाहेब."

"का? आमी काय वंगाळ हाव का?"

"तुम्ही लाखात एक आहात. पण नियम आहे."

"तुमचा नियम लई कडक हाय," पाटील म्हणाले. "आमी आपले एका दिसापुरते यहुदी हुतो म्हनतोय तर तेबी न्हाई!" ते खरोखर रुसले. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुण्यतिथी कधी, हे मला नीट माहीत नव्हतं. त्यांची तिथी आपल्या कॅलेंडरात सापडत नाही. मी आपलं धरून चालले होते, पुढच्या आठवड्यात.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी काका हॉलमध्ये बसले होते. मी नेहमीप्रमाणं त्यांच्या खोलीत गेले, रात्रीची ट्यूब बंद करायला. बघते तर टेबलावर काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा जळतोय, सकाळी नऊ वाजता, आणि खिडकीचा पडदा त्याच्यापासून हातभर. भाजलेली माणसं मी आयुष्यात कमी बघितली नाहीत. मला वाटलं, शुक्रवारी प्रार्थनेला लावलेला दिवा तसाच राहून गेला. शब्बाथात विस्तव विझवता येत नाही, हे तर मला पाठ. म्हणजे म्हातारा रात्रभर या दिव्याच्या धास्तीत झोपला असणार आणि संकोचानं बोललाही नसणार! मी दोन बोटांनी वात चिमटली, दिवा शांत केला, ट्यूब बंद केली. आणि मनात म्हटलं, बघा, आज तर न बोलताच समजलं मला. इतकी खूश होते मी स्वतःवर!

काका त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. वारा नाही, असं म्हणाले नाहीत. चहा गरम असावा, असंही नाही. दुपारी जेवायला आले नाहीत. मी पाटलांना विचारलं, "काकांना बरं नाही का?"

पाटील घास तसाच धरून म्हणाले, "सिस्टर, आज त्यांच्या बाईचा दिवस न्हवं का? काल दिस मावळायच्या आत दिवा लावला, मी व्हतो की संगं. माझ्याच वावरातल्या तिळाचं तेल. म्हनले, धा मान्सं न्हाईत तर न्हाईत, दिवा तरी पुरा चालंल. काल दिस मावळल्यापासून आज दिस मावळेस्तोवर. मधी विझता कामा नये."

माझ्या हातातली भाकरी ताटात पडली. मेले मी! दहा माणसं मिळाली नाहीत, ठाणं हुकलं, त्या माणसाकडं बायकोसाठी उरला होता तो एवढा एक दिवा. तोही मी चिमटीत विझवला होता. आणि हा माणूस स्वतः पेटवू शकत नव्हता, कुणाला सांगू शकत नव्हता. सकाळपासून त्या विझलेल्या दिव्यासमोर बसून होता.

मी कमळाबाईंकडून काडेपेटी घेतली आणि सात नंबरला गेले. काका पलंगाच्या कडेला, टोपी घालून बसलेले. मी आधी काडी ओढली, दिवा लावला, पडदा बाजूला बांधला. मग म्हटलं, "काका, दिवा मी विझवला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दुसरं कोण येतं?"

"अहो, मग बोललात का नाही? एरवी चहापासून पंख्यापर्यंत बोलता! अंधार आहे म्हणायचं होतं. नुसतं बोलायचं होतं!"

काका दिव्याकडे बघत होते. म्हणाले, "बोललो असतो तर तुम्हाला कळलं असतं काय झालं ते. तुम्हाला लागलं असतं. तुम्ही चांगल्या मनानं केलंत, सिस्टर. एस्तर असती तर तिनं पण पडदा बघून विझवलाच असता."

मला रडू आवरेना. बत्ती गेल्यावर अंधारात बाळंतपणं केलेली बाई मी, पण रडले. त्यांच्या खुर्चीत बसले आणि पदरानं डोळे पुसत राहिले. मधले चार-पाच तास मी खाल्ले होते, ते काही परत देता येणार नव्हते. उरलेले तास तरी या दिव्यावरून नजर हलवायची नाही, असं ठरवलं.

थोड्या वेळानं पाटील आले, खाली बसले. मग एकेक करत बाकीचे आले. कमळाबाई चहा टाकायचा सोडून आल्या. खोलीत दाटीवाटी झाली. पाटलांनी तेवढं आपलं मफलर डोक्याला गुंडाळलं, टोपीच्या जागी. काकांनी ते बघितलं आणि मान खाली घातली.

बाहेर सूर्य गेला. पेल्यात तेल उरलं होतं, पण मी चिमटलेली वात जळून आखूड झाली होती, ती तडतडली आणि दिवा आपला आपणच विझला. खोलीत काळोख झाला. खिडकीतून पाटलांनी आभाळात बघितलं. "तीन दिसल्या," म्हणाले. "सुटला तुमचा शनिवार."

म्हणजे आता बटण काकांना चालणार होतं. आम्ही उठायला लागलो. जेवायची वेळ झाली होती, पाटलांच्या गोळ्या होत्या. मी म्हटलं, "काका, अंधार झाला. लावा आता तुमच्या हातानं."

काका बटणापर्यंत गेले. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आमच्याकडे वळून म्हणाले, "जाऊ नका. थोडा वेळ बसा ना सगळे माझ्याजवळ."

आम्ही होतो तिथंच पुन्हा बसलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून काही मागितलेलं पहिल्यांदाच ऐकत होते. ते नुसतं बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं होतं.