सासऱ्यांची लेन्स, जावयाचा कॅमेरा

"कॅमेऱ्यातलं सगळं पाठ आहे मला!" जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं. पेशाने ते दातांचे डॉक्टर, पण तीन महिने दातांपेक्षा सेन्सरचाच अभ्यास जास्त झाला होता. कारणही तसंच होतं. सासऱ्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, शेकडो जोडप्यांना "जरा जवळ सरका" म्हणून दटावलं, पण स्वतःचा बायकोबरोबर एकही धड फोटो नाही! कायम कॅमेऱ्यामागे. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "आमचा एखादा असता तर बरं झालं असतं." ते जावयाच्या काळजाला लागलं. दोघांचा जोडीने फोटो काढायचा, आणि तोही सासऱ्यांच्या जुन्या लेन्सने, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

त्याने मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घेतला. चित्र टिपणारा आतला सेन्सर मुद्दाम लहान, म्हणजे कॅमेरा हलका. रविवारी सासरी जाऊन लेन्स लावायला गेला, तर बसेना! कॅमेऱ्याच्या तोंडाची कडी वेगळी, लेन्सची वेगळी. या कडीला माउंट म्हणतात, आणि नेमका तोच बघायचा राहिला होता.

"दाताला कॅप बसवताना माप घेता ना हो?" बायकोने विचारलं.

आठवड्याने मधे लावायचा अडॅप्टर आला. ठेवणीतले कपडे घालून सासू-सासरे खुर्च्यांवर बसले. जावयाने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'लेन्स लावलेली नाही.'

"काय?" सासरे ताडकन उठले. "या लेन्सने घर चालवलंय आमचं! नाही म्हणजे?"

"अप्पा, ती जुनी आहे. या कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, एवढंच," जावई म्हणाला.

"मग त्याचे डोळे तपासा!"

सेटिंग बदललं, तर नवीनच तऱ्हा. लहान सेन्सरवर चित्राचा मधला तुकडाच येतो. पडद्यावर सासऱ्यांचा एक कान आणि सासूबाईंचा एक कान! जावई मागे मागे सरकत गेला. बैठकीची खोली संपली, स्वयंपाकघर संपलं, पाठ फ्रिजला टेकली, तेव्हा कुठे दोघं मावले.

फोकस हातानेच करायचा होता. "थांबा, मी बघतो," म्हणत सासरे तरातरा आले, लेन्स फिरवली, परत जाऊन बसले. जावई बटण दाबतो तोच पुन्हा उठले, "जरा हुकलाय वाटतं." असं अकरा वेळा! अकरा फोटोंत सासूबाई एकट्या, शेजारी कुठे सासऱ्यांची पाठ, कुठे नुसतं कोपर.

बाराव्या वेळी सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "बसा हो आता. जन्मभर लोकांना जवळ बसवलंत. आज माझ्याजवळ बसा."

सासरे बसले. बायकोकडे बघत राहिले. हातात हात तसाच. जावयाचे डोळे भरून आले. त्याने स्वतःच लेन्स फिरवली आणि बटण दाबलं.

भरल्या डोळ्यांनी फोकस होत नाही, हे तीन महिन्यांच्या अभ्यासात कुठेच आलं नव्हतं. दोघं पार धूसर, आणि मागे गॅलरीच्या दारातली बादली अशी लख्ख, की तिच्यावरचे ओरखडे मोजून घ्यावेत!

"पुन्हा काढू या," जावई ओशाळून म्हणाला.

सासऱ्यांनी फोटो बराच वेळ निरखला. गिऱ्हाइकाला असला फोटो त्यांनी जन्मात दिला नसता.

"नको," ते हळूच म्हणाले. "हाच मोठा करून आणा."

आता तो दारासमोरच्या भिंतीवर लागला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई कौतुकाने सांगतात, "आमच्या जावयाने काढलाय!"

पाहुणे जवळ जातात, लांब होतात, चष्मा पुसतात आणि मनापासून म्हणतात, "वा! बादली सुरेख आली आहे."