बाबीकाकांच्या खळ्यातलं कोर्ट

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वडीलधाऱ्या माणसाविषयी असं चारचौघांसमोर लिहिताना हात अडखळतो. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. बाबीकाका घेणार नाहीत. त्यांना 'बरे आहात ना' विचारलं तरी ते विचारतात, "खंयच्या तारखेपासून?"

आमचं गाव दोडामार्गच्या बाजूला. काका तरुणपणी मालवणकडे एका बर्फाच्या कारखान्यात होते. तिथून काढल्यावर ते कोर्टात गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. आता त्यांना दोनच कामं: देवळात गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालणं आणि नोकरीवरून काढलेल्या माणसाला शहाणं करणं. आमच्याकडची निम्मी पोरं गोव्यात कामाला. कुणाची नोकरी गेली की तो घरी जायच्या आधी काकांच्या ओटीवर येतो.

काही वर्षांपूर्वी ती पाळी माझ्या आईवर आली. ती अकरा वर्षं काजू कारखान्यात सोलाईला होती. तिच्या कामावर घर आणि माझं कॉलेज चालायचं. बायकांना बसायला नीट पाट द्या, असं ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कागद काही दिला नाही.

आई रडत काकांकडे गेली.

"रडाक कधी लागलंस? गेटार की घराकडे येऊन?"

"गेटार."

"कोणी बघल्यान?"

"माझ्याबरोबर कामाक असता त्या सरस्वतीन."

"मग ती साक्षीदार. फुडे बोल."

काका म्हणाले, "उद्या परत गेटार जा. परवा पण जा. नायतर ते म्हणतले, बाईन आपणच काम सोडल्यान." आई तीन सकाळी गेटवर जाऊन उभी राहिली. 'मी कामावर यायला तयार आहे' असं पत्र मी लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पावती, पोचपावती, जुनी हजेरीकार्डं, सगळं काकांनी तारखेप्रमाणे लावलं, पानांवर नंबर घातले. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. "वकिलाक पण झेरॉक्स."

मग केस कोर्टात उभी राहिली. साक्षीच्या आधी काकांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तालीम झाली. काका खुर्चीत बसून कंपनीचे वकील झाले. शेजारच्या बायका तिथेच कोकमं फोडत होत्या. "काय घडलं ते सांगा," असं काकांनी शुद्ध मराठीत विचारलं. आईनं हात जोडले, डोळे मिटले. "बा म्हाराजा, अकरा वर्सा मी इमानान..." मोठ्यांपुढे तक्रार मांडायची एवढी एकच रीत तिला ठाऊक होती. बायकांनी सवयीनं साथ दिली, "व्हय म्हाराजा."

काकांनी कपाळावर हात मारला. "शेवंता, देवाक सगळा म्हायत असता. तेका आठवण केली की झाला. कोर्टातल्या साहेबाक काय एक म्हायत नसता. तेका तारीख सांग."

मग नियम आले. विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. सावकाश बोलायचं, साहेब लिहून घेतात.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही स्वतःहूनच काम सोडलंत ना?"

"नाही साहेब. माझं पत्र पान चारवर आहे."

वकील थोडा वेळ तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

प्रत्येक तारखेला काका पहिल्या एसटीनं आमच्यासोबत यायचे. निकालाच्या दिवशी मात्र त्यांना ताप होता. आईला परत कामावर घ्या, असा हुकूम झाला. मी फोन काढला, तर आई म्हणाली, "फोनार नको. समोर सांगूया."

परतताना एसटीत तिनं मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. काकांच्या स्वतःच्या केसची एक तारीख होती, तेव्हा काकी इस्पितळात होती. काका तिच्या उशाशी बसून राहिले. कोर्टात नाव पुकारलं, कुणी हजर नव्हतं, केस काढून टाकली. काकीही त्याच आठवड्यात गेली. परत अर्ज करता येत होता. तो काकांनी केला नाही. त्यात गैरहजेरीचं कारण लिहावं लागलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. अंगात ताप असूनही काका बाहेर जायचा शर्ट घालून ओटीवर बसले होते.

"भावजी, माका परत कामार घेतल्यानी," आई म्हणाली.

काकांनी हळूच विचारलं, "नाव पुकारल्यानी तेव्हा तू आत होतंस मा?"

"होतंय, भावजी."