दुसऱ्या फळीवरचा तिसरा डबा

विहिरीतल्या पाण्याची पातळी काढणाऱ्या फंक्शनला, प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, एका वेळी अठ्ठेचाळीस बाइट पुरत होते आणि कंपायलर एकशे ब्याण्णव अडवून ठेवत होता. रेश्मानं चारदा मोजलं. आकड्यांच्या चार तात्पुरत्या याद्या, प्रत्येकी अठ्ठेचाळीस. एकीचं काम संपल्यावरच दुसरीचं सुरू होई, पण जागा प्रत्येकीला वेगळी. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसणाऱ्या चिमुकल्या चिपकडे कामापुरती मेमरी, म्हणजे स्टॅक, जेमतेम दोन हजार बाइटचा. तिथं एवढी उधळपट्टी झाली की स्टार्टर मध्येच गप्प व्हायचा.

माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा हा कंपायलर बारामतीच्या त्यांच्या छोट्या कंपनीनंच बनवलेला होता. नव्यानं लागलेल्या सौरभनं चार महिने खपून त्यात बदल केला होता: काम संपलेल्या यादीची जागा पुढचीला द्यायची. तपासणी रेश्माकडे होती, अकरा दिवस. कोड स्वच्छ होता, सगळ्या चाचण्या पास होत्या, तरी काहीतरी टोचत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं. आज संध्याकाळी पाचला लोणी देवकरच्या कारखान्यात चारशे स्टार्टरमध्ये प्रोग्राम भरायला घेणार होते. तोवर मंजुरी नसली तर जुनाच प्रोग्राम जाणार आणि सौरभची मेहनत पुढच्या हंगामापर्यंत पडून राहणार.

"मॅडम, बघितलं का?" त्याचा सकाळपासूनचा तिसरा फोन.

"बघतेय."

"काय चुकलंय का?"

"नाही."

"मग मंजूर?"

"बघतेय."

रेश्मा शेळगावच्या घरूनच काम करायची आणि तिथं त्या दिवशी वर्षाची हळद दळून आली होती. सासूबाई, कुशाबाई, पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "रेश्मा, एक बी डबा रिकामा न्हाय गं."

"बेसन संपलंय ना, आत्या? मग त्याच डब्यात भरा. प्रत्येकाला वेगळा डबा कशाला?"

"धुऊन?"

"धुऊन, पुसून."

कुशाबाई खूश झाल्या. "शिकलेली सून असली की डबं वाचत्यात," म्हणत त्या हळद भरून गोठ्याकडे गेल्या.

साडेबाराला शेजारच्या गोजरबाई मागच्या दारानं आल्या. वीस वर्षांची वहिवाट होती. लागेल ते वाटीभर न्यायचं आणि नंतर वाटीभर आणून टाकायचं, विचारायची गरज नव्हती. नजर अधू असल्यामुळे त्या डब्यावरचं नाव वाचत नसत, मोजत असत: दुसरी फळी, तिसरा डबा, बेसन. बावड्याचे व्याही दादासाहेब जावयासह अचानक जेवायला आले होते, त्यामुळे घाई होती. शिवाय सर्दीनं नाक बंद. झाकण वाजलेलं रेश्मानं ऐकलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं. तिनं मान वर केली नाही.

दीड वाजता गोजरबाई पुढच्या दारानं आल्या. हात मनगटापर्यंत पिवळे.

"कुशे! बेसनाच्या डब्यात हळद ठेवतीस व्हय गं?"

"आगं बया! किती घातलीस?"

"दोन वाट्या! एका वाटीत पिठलं घट्टच होईना, म्हणून आनखी एक नेली. व्याह्यांनी घास घेतला अन् तसंच उठलं. मिशा पिवळ्या, दात पिवळं. जावई म्हंतोय, मामी, बाबांना परत हळद लावताय का?"

"मला काय बोलतीस? बेसन संपलं व्हतं, म्हणून हिनंच सांगितलं."

"तुमचं संपलं असंल! माझं कुठं संपलं व्हतं? मला त्यो डबा बेसनाचाच ठावं!"

रेश्मा खुर्चीतून उठली. "मावशी, परत म्हणा."

"काय म्हणू? थट्टा करतीस का माझी?"

पण रेश्मा पुन्हा पडद्याकडे वळली होती. ते फंक्शन स्वतः यादी शेवटची कधी वापरतं, एवढंच सौरभनं पाहिलं होतं. त्या यादीचा मेमरीतला पत्ता प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्याला दिला असेल आणि त्यानं तो जपून ठेवला असेल, तर? तो सावकाश येणार, फळी मोजणार आणि हळद घेऊन जाणार. तिनं तसा एक छोटा प्रोग्राम लिहून चालवला. पडद्यावर विहिरीतल्या पाण्याची पातळी उणे सातशे फूट आली.

तिनं फोन लावला. "सौरभ, ज्या यादीचा पत्ता बाहेर दिलाय, तिची जागा दुसरीला द्यायची नाही."

"आईशप्पथ, मॅडम. दोन तास द्या."

त्या दोन तासांत रेश्मानं दुकानातून किलोभर बेसन आणलं, गोजरबाईंच्या चुलीवर स्वतः पिठलं केलं आणि वाढलंही. दादासाहेबांनी पहिला घास जिभेच्या टोकावर घेऊन पाहिला. मग दुसरी भाकरी मागितली.

"मावशी, तुमचे फार उपकार झाले," रेश्मा म्हणाली. "चारशे मोटारी बिघडता बिघडता राहिल्या."

"हळदीनं?"

"तुमच्यामुळं."

गोजरबाईंनी शेजारी भाकरी थापणाऱ्या कुशाबाईंकडे पाहिलं. सुनेच्या डोक्यावर कामाचा ताण फार आहे, असं दोघींचं नजरेनंच ठरलं. तरी पाहुणे गेल्यावर गोजरबाई तिच्यासोबत घरी आल्या आणि तिच्या शेजारी बसून राहिल्या.

दोन तास म्हणता म्हणता सौरभचा बदल यायला पावणेपाच वाजले. चारपैकी एकाच यादीचा पत्ता बाहेर गेला होता. तिला वेगळी जागा, बाकी तिघींना मिळून एक. निम्मी मेमरी तरी वाचली. रेश्मानं चाचण्या चालवल्या, नवी चाचणीही घातली. पाण्याची पातळी बरोबर आली. फोन वाजला.

"मॅडम, दोष कुणी शोधला त्या रकान्यात गोजरबाई लिहिलंय. ह्या कोण? पुण्याच्या ऑफिसातल्या का?"

"शेजारच्या."

"माझ्यावर नाराज न्हाईत ना?"

"तुझ्यावर नाहीत. माझ्यावर होत्या."

"मग मॅडम... पाचला पाच कमी हायेत."

रेश्मानं कोड वरपासून खालपर्यंत आणखी एकदा वाचला. गोजरबाईंना राहवेना. "अगं, ते पोरगं कवाधरनं इचारतंय. काय हाय ते सांग की त्येला!"

"मंजूर," रेश्मा म्हणाली.