माणशी व्हिएन्ना

स्वस्त सहल ही अत्यंत गंभीर बाब आहे. महाग सहलीला कुणीही जातो. त्याला फक्त पाकीट लागतं, आणि पाकीट बहुतेकांकडे असतं (त्यात काय असतं हा प्रश्न वेगळा). स्वस्त सहलीला मात्र दूरदृष्टी लागते, चिकाटी लागते, नियमांचा सखोल अभ्यास लागतो आणि घरातल्या माणसांच्या इच्छांकडे काणाडोळा करण्याची ताकद लागते. हे सगळे गुण एकाच अंगी असलेला माणूस गावाला क्वचितच लाभतो. ब्रेत्स्लावला तो बोहुमीर क्रिवानेक यांच्या रूपानं लाभला होता.

क्रिवानेक भूमापन कचेरीत होते. दोन शेजाऱ्यांमधलं कुंपण हातभर इकडे की हातभर तिकडे, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. देशांमधल्या कुंपणाच्या बाबतीत मात्र त्यांचं धोरण निराळं होतं. चेक देशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या या गावापासून व्हिएन्ना आगगाडीनं तासाभरावर आहे. तिकडची माणसं दात बसवायला इकडे येतात, इकडची पगार आणायला तिकडे जातात. मधली सरहद्द आता इतकी पातळ झाली आहे की मोबाइलवर स्वागताचा संदेश आला नाही तर ती ओलांडल्याचं कळतही नाही. असं असताना क्रिवानेक व्हिएन्नाला एकदाही गेले नव्हते. ते तयारी करत होते.

तयारी सुरू झाली ती लग्नाच्या दिवशी. राडानाशी लग्न लागल्यावर जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी सासूबाईंना शब्द दिला होता, की आई, तुम्हाला व्हिएन्नाला नेऊन कॉफी पाजतो. सासूबाई, म्हणजे क्वेताबाई, तीस वर्षं ब्रेत्स्लावच्या स्टेशनात गाड्यांच्या घोषणा करायच्या. त्यातली बरीच वर्षं सरहद्दीवर काटेरी तारा होत्या. व्हिएन्नाची गाडी अमुक फलाटावर उभी आहे, हे बाई रोज साऱ्या गावाला सांगत, आणि त्या गाडीत पाय ठेवायला त्यांना स्वतःला मनाई होती. त्यांची आई मुलगी असताना व्हिएन्नात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या कॉफीबरोबर चांदीच्या तबकात पाण्याचा छोटा पेला देतात, तो कुणाला मागावा लागत नाही, एवढंच त्या आईनं लेकीला सांगितलं होतं. क्वेताबाईंना तो पेला बघायचा होता.

शब्द दिल्याला एकोणीस वर्षं झाली. या काळात ब्रेत्स्लावहून व्हिएन्नाकडे सव्वा लाखाच्या आसपास गाड्या गेल्या (हा आकडा खुद्द क्रिवानेक यांचा). त्यातली एकही योग्य नव्हती. सुरुवातीला युरो महाग होता, म्हणून तो उतरायची वाट पाहिली. तो उतरला तेव्हा आणखी उतरेल असं वाटलं. मग मुलगी झाली, अपोलेना. सहा वर्षांखालचं मूल गाडीत फुकट, म्हणजे खरं तर लगेच निघायला हवं होतं. पण फुकट जाण्याची मुदत सहा वर्षं असताना पहिल्याच वर्षी जाऊन येणं म्हणजे उरलेली पाच वाया घालवणं, हे कुणाही विचारी माणसाला पटेल. सहावं वर्ष संपत आलं त्या आठवड्यात पोरीला कांजिण्या आल्या.

अपोलेना अकरा वर्षांची झाली त्या वसंतात रेल्वेनं एक नवं तिकीट काढलं: सहकुटुंब, सीमापार, दिवसभराचं. ते पत्रक हातात घेऊन क्रिवानेक कचेरीतून जे निघाले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात शिरले. राडानाला वाटलं कुणीतरी गेलं. चेक घरात माणूस बूट घालून आत येतो तो एवढ्यासाठीच.

तिकिटाच्या अटी साध्या होत्या. एका तिकिटावर पाच जण. तीन गेले तरी पैसे पाचांचेच. गाडी फक्त धीमी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. सगळ्यांची नावं ठळक अक्षरात आधीच लिहिलेली. पंधरा वर्षांखालचं मूल आईबापांच्याच तिकिटावर. आणि शेवटी, बारीक टायपात: कुत्रा एक प्रवासी म्हणून धरला जाईल.

घरात माणसं चार. म्हणजे पाचवी जागा रिकामी. दुसऱ्या कुणी ती रिकामी सोडली असती आणि व्हिएन्नाला जाऊन आला असता. क्रिवानेक यांनी मांडणी केली ती अशी, की चार जण गेलो तर माणशी खर्च पाच जण गेलो असतो त्याच्यापेक्षा सव्वापट. म्हणजे आपण घरात बसून एका अनोळखी माणसाच्या न जाण्याचा खर्च सोसणार.

"मग नसेना का तो माणूस," राडाना म्हणाली. "पाय पसरून बसू."

पाय पसरणं पत्रकात कुठे नव्हतं. क्रिवानेक तळमजल्यावरच्या ओटाकार शिमाचेक यांच्याकडे गेले. शिमाचेक निवृत्त होते, गावच्या बँडमध्ये टुबा वाजवत, आणि त्यांच्याकडे एक बुटका लांब कुत्रा होता, त्याचं नाव व्हाइकाउंट. क्रिवानेक यांना शिमाचेक नको होते. शिमाचेक अफाट खात. त्यांना कुत्रा हवा होता. शिमाचेक यांनी आनंदानं होकार दिला. परदेशी जाणाऱ्या कुत्र्याला पासपोर्ट लागतो, तो काढण्यात तीन आठवडे आणि दोन सुया गेल्या. पासपोर्ट हातात आल्यावर शिमाचेक यांनी सहज सांगितलं की मालक नजरेआड झाला तर व्हाइकाउंट रडतो. प्रयोग करून पाहण्यात आला. कुत्रा जिन्यात अकरा मिनिटं रडला आणि तिसऱ्या मजल्यावरून पोलिसांना फोन गेला. त्यामुळे शिमाचेकही आले.

झाले सहा. सहांना दोन तिकिटं लागतात, दोन तिकिटांवर दहा जागा, म्हणजे आता रिकाम्या चार. पूर्वी एक होती. प्रश्न चौपट वाढला होता; पण जो हटतो तो नियोजक नव्हे. महिन्याभरात क्रिवानेक यांनी गावचा न्हावी आणि त्याची बायको, तसंच औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी मिळवल्या. बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींनीही एकच अट घातली, की ती दुसरी वेगळ्या तिकिटावर हवी.

दहा जणांना समिती लागते. समिती दर बुधवारी संध्याकाळी स्टेशनसमोरच्या बिअरखान्यात भरू लागली. एकूण नऊ बैठका झाल्या. (नऊ बैठकांत जेवढी बिअर प्यायली गेली तेवढ्यात दहा जण झोपायच्या डब्यातून रोमला जाऊन आले असते, पण बिअर हा स्थानिक खर्च आहे, प्रवासखर्च नव्हे.) इतिवृत्तात पुढील ठराव आढळतात: प्रत्येकानं घरून नऊ श्निट्झल आणावीत. पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला हा मांसाचा पातळ तुकडा ज्या शहराच्या नावानं जगभर ओळखला जातो, त्याच शहरात तो डब्यातून न्यावा, कारण तिथे तो महाग मिळतो. (कुत्र्याची नऊ शिमाचेक आणतील.) पाणी नळाचं. राजवाडा बाहेरून. वस्तुसंग्रहालय पायऱ्यांपर्यंत. कॉफी थर्मासमधून, एखाद्या नामवंत कॅफेच्या समोरच्या बाकावर बसून. कॅफेचं दृश्य विनामूल्य.

हा शेवटचा ठराव क्रिवानेक यांनी घरी वाचून दाखवला. क्वेताबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी विचारलं की थर्मासबरोबर पाण्याचा पेला असतो का. क्रिवानेक म्हणाले, घरून नेता येईल, प्लास्टिकचा नेऊ म्हणजे फुटणार नाही. बाईंनी मान हलवली आणि सोलत राहिल्या. अपोलेना मात्र टेबलापाशी उभी होती.

"बाबा, आजी अठ्ठ्याहत्तरची आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे बाळा. ऐंशीनंतर आणखी सूट असते. तीही बघतोय मी."

तिनं आईकडे पाहिलं. राडानानं भांड्यांचा आवाज जरा वाढवला.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला समिती फलाटावर पूर्ण संख्येनं हजर होती. नव्वद श्निट्झलचा वास स्टेशनभर सुटला होता. क्रिवानेक यांच्या हातात दोन्ही तिकिटं होती, ठळक अक्षरात भरलेली: पहिल्यावर चार क्रिवानेक कुटुंबीय आणि थोरली बहीण, दुसऱ्यावर शिमाचेक, व्हाइकाउंट, न्हावी, न्हाव्याची बायको आणि धाकटी बहीण. इतकी निर्दोष यादी त्यांनी कचेरीतही कधी केली नव्हती. त्यांना अभिमान वाटला. तेवढ्यात न्हाव्याच्या बायकोला शिंक आली, मग दुसरी, मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुत्र्याच्या केसांचं तिला वावडं होतं. नऊ बैठकांना ती आली होती, पण कुत्रा आला नव्हता.

क्रिवानेक यांनी फलाटावरच दहावी बैठक बोलावली. न्हाव्याचं जोडपं पहिल्या तिकिटावर घ्यायचं तर घरातले दोघे दुसऱ्यावर जायला हवेत. सासूबाईंना पाठवता येईल. त्यांच्याबरोबर राडाना? मग अपोलेनाची आई वेगळ्या तिकिटावर. नियमात ‘आईबाप’ म्हणजे आई आणि बाप, की आई किंवा बाप? मतं पडली चारास चार (कुत्रा तटस्थ, क्वेताबाई स्टेशनच्या घड्याळाकडे बघत होत्या). त्यात नावं आधीच लिहिलेली, म्हणजे खाडाखोड, म्हणजे तिकिटं रद्द समजली जाण्याचा धोका. धीमी गाडी आली, पाच मिनिटं थांबली आणि गेली. शिमाचेक यांनी पहिला डबा उघडला.

क्वेताबाई शांतपणे तिकीट खिडकीकडे चालत गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात साधी तीन तिकिटं होती. समोरच्या फलाटावर व्हिएन्नाची जलद गाडी येऊन लागली होती.

"ही चार मिनिटं थांबते," बाई म्हणाल्या. ज्या आवाजात त्या तीस वर्षं गावाला सांगत आल्या होत्या, त्याच आवाजात. "तुमची बैठक चालू द्या, जावईबापू. आम्ही कॉफी पिऊन येतो."

अपोलेनानं आजीचा हात धरला. राडानानं छत्तीस श्निट्झलची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.

"बोहुश, येतोस?" तिनं विचारलं. "खिडकी उघडी आहे अजून. एक तिकीट काढायचं, बस."

क्रिवानेक यांना जावंसं वाटलं, हे इथे नोंदवलं पाहिजे. सासूबाई डब्याच्या पायरीवर चढल्या आणि क्षणभर तिथेच थांबल्या, कुणीतरी अडवेल अशी वाट बघत असल्यासारख्या. कुणी अडवलं नाही. ते बघून क्रिवानेक यांनी एक पाऊल पुढेही टाकलं. पण जलद गाडीचं तिकीट पूर्ण दराचं होतं, आणि हातातली दोन आधीच भरलेली. एकाच प्रवासासाठी माणसानं दोनदा पैसे भरायचे, तर मग एकोणीस वर्षं कशासाठी केली? ते हा विचार पूर्ण करत असताना दारं लागली.

गाडी गेली. मग धाकटी बहीण थोरलीला म्हणाली, "तुझ्याकडे मोहरी आहे का गं?" नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. थोरलीनं बरणी पुढे केली. उरलेल्या सात जणांनी तिथल्याच बाकांवर बसून दुपारपर्यंत श्निट्झल खाल्ली (व्हाइकाउंटनं चौदा), तिकिटं परत केली, आणि न वापरल्याबद्दल किरकोळ कपात होऊन पैसे हाती आले. समितीच्या इतिवृत्तात ही सहल आजवरची सर्वांत काटकसरीची म्हणून नोंदवलेली आहे.

संध्याकाळी साडेसहाला तिघी घरी आल्या. अपोलेना एकाच वेळी सरकता जिना, जिराफ आणि ट्रामबद्दल बोलत होती. राडानाचं नाक उन्हानं लाल झालं होतं. क्वेताबाई खुर्चीत बसल्या, चपला काढल्या, पाय समोर पसरले आणि बराच वेळ हसत राहिल्या.

"पेला आला का?" क्रिवानेक यांनी विचारलं.

"आला. न मागता. मी पाणी प्यायले, तर वेटरनं दुसरा आणला."

क्रिवानेक यांनी थोडा वेळ धीर धरला. मग त्यांच्यानं राहवलं नाही. "आणि कॉफी? कितीला पडली?"

"विचारलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडून कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन खडे जावयापुढे ठेवले. "तुमच्यासाठी आणलेत. फुकट होते."

क्रिवानेक यांनी ते खडे उचलले, दिव्याशी धरून वरची अक्षरं वाचली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले. जेवताना त्यांनी दुसरा एकही भाव विचारला नाही. राडानाला वाटलं, माणूस बदलला.

बुधवारी ते बैठकीला गेले. समिती अजून आहे, दोन तिकिटांचा विचार कायम आहे, आणि त्यात सध्या तीन जागा रिकाम्या आहेत. हे वाचताना ज्यांनी कॉफीची किंमत कुठे येते का म्हणून चार ओळी पुढे नजर टाकली, युरोचे रुपये मनात करून ठेवले, आणि घरातल्या कुणालातरी पुढच्या वर्षी नक्की म्हणून सांगून ठेवलं आहे, अशा वाचकांमधूनच त्या भरल्या जातील. अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव क्रिवानेक यांनी ठळक अक्षरात आधीच लिहून ठेवलं आहे.