गोजरबाईचे साडेसात वॅट

जानेफळच्या पंचायतीच्या खोलीत संध्याकाळी तीस बाया अक्षरं गिरवत, आणि डोक्यावर चार ट्यूबलाइटी गुणगुणत. गुणगुणणं चोकचं होतं. चोक म्हणजे नळीला वीज बेतानं पाजणारा डबा. पण हा डबा पाजता पाजता स्वतःच पीत असे. नळी चाळीस वॅटची, वर चोकचे पंधरा. उजेड एकाचा, जेवण दोघांचं.

शिकवणाऱ्या सिंधूताईंना त्या गुणगुणीत ‘ब’ आणि ‘भ’ वेगळे ऐकवता येईनात. वायरमन जानरावानं नवे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले. आवाज गेला, उजेड तेवढाच राहिला आणि पंचावन्नाचं काम सदतिसात होऊ लागलं. सिंधूताईंनी ही बातमी आनंदानं तालुक्याला कळवली. चूक तिथंच झाली.

उत्तर आलं : ‘विजेचा वापर एक तृतीयांशाने घटला आहे. त्याअर्थी एक तृतीयांश महिला गैरहजर आहेत. शेवटची दहा नावे कमी करावीत.’

एकविसावं नाव गोजरबाईचं होतं. अमडापूरला दिलेल्या लेकीचं पत्र आळीत कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये, एवढ्यासाठी ती यायची.

“ताई, मी तं रोज येऊन राह्यली. मंग मले काऊन काढलं?”

“तुमची वीज सापडत नाही म्हणे.”

“मी कुठी नेली वं? झडती घ्या माही.”

सिंधूताई तिला घेऊन मेहकरला, तालुक्याच्या कचेरीत, हिंमतराव साहेबांकडे गेल्या.

“साहेब, ही पाहा. हजर आहे.”

हिंमतरावांनी गोजरबाईकडे पाहिलं, मग फायलीकडे, आणि फायलीवर विश्वास ठेवला. “बाई, माणूस कुणीही उभं करील. मीटर खोटं बोलत नाही. दर महिलेस साडेसात वॅट हे प्रमाण ठरलेलं आहे.”

“पण ती वीज चोक खात होता.”

“चोक निरक्षर होता का?”

“तो लोखंडाचा होता, साहेब.”

“मग त्याचा या योजनेशी संबंध नाही. वापर वाढवा, नावं परत घेतो.”

परतल्यावर जानरावानं घरची दोन हजार वॅटची शेगडी आणून वर्गात लावली. बाया घामाघूम झाल्या, पण गोजरबाईचं नाव परत आलं. तिनं ‘गो’ गिरवला. ‘ज’ला पोट काढलं. ‘र’ उद्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिंमतराव स्वतः हार घेऊन आले. शेगडीच्या विजेत दोनशे सहासष्ट पूर्ण आणि दोन तृतीयांश महिला निघाल्या होत्या. ती तुटकी बाई त्यांनी उदार मनानं पूर्ण धरली. एवढ्या निरक्षर बाया जानेफळात नव्हत्याच. म्हणजे गाव साक्षर होऊन वर उरलं होतं.

“अभिनंदन. उद्दिष्ट पूर्ण. आजपासून वर्ग बंद.”

“साहेब, माहा ‘र’ राह्यला ना,” गोजरबाई म्हणाली.

“नियमानं तो तुम्हाला येतो.” त्यांनी तिला प्रमाणपत्र दिलं आणि पोच म्हणून अंगठा घेतला.

पुढं ही पद्धत सोयीची म्हणून सगळीकडे लागू झाली. वाचकहो, ही गोष्ट तुम्ही अंगणात, उन्हात बसून वाचत असाल तर उठून घरातला एखादा दिवा लावा. नाहीतर वाचणाऱ्यांत तुम्हाला धरणार नाहीत. दिवा लावलात, तर पुढं नाही वाचलं तरी चालेल.